न दुखलेली सुई

पावसाळा ओसरला की कर्जतच्या दवाखान्यात हिवतापवाल्यांची रांग लागायची. मी तिथं नर्स होते, आणि एका गोष्टीची मला भारी घमेंड होती. माझी सुई दुखत नसे. रोज सकाळी सुया दगडावर घासून धार काढायची, पातेल्यात खळखळून उकळायच्या. टोचताना माणसाला अंग सैल सोडायला लावायचं आणि औषध अगदी सावकाश आत सोडायचं. हिवतापाचं कोयनेल मुळातच झोंबतं, म्हणून तर एवढा खटाटोप.

कोंडाणे गावाकडची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून अगदी पोरसवदा, पदराखाली अंगावर पिणारं मूल, थंडीनं कुडकुडत होती. मी टोचलं, तर मान वळवून विचारते, अजून टोचलं का नाय? मला हसू आलं. सासू मात्र हसली नाही. त्या बाजूला काविळीला तापल्या सळीचा चटका देतात, पोटदुखीला बिब्ब्याचा डाग. रोग जातो तो कळ देऊनच, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. "कळ आली नाय, मंग औषिद गेलं कुटं?" म्हणाली. एका सुईनं भागत नाही, उद्या पुन्हा आणा, असं मी घसा कोरडा करून सांगितलं. छे! दुसऱ्या दिवशी कोण येतंय!

बाजारात एक जण सुया टोचत बसायचा. त्याची सुई कसली, दाभणच ते. एकाच्या दंडातून काढायची, धोतराला पुसायची आणि दुसऱ्याच्या दंडात खुपसायची. सुनेला तिथं नेलं. ती किंचाळली आणि सासूचा जीव भांड्यात पडला. हे सगळं मला सुनेच्या नवऱ्यानं नंतर सांगितलं, आठवड्याभरानं तिला डोलीत घालून आणली तेव्हा.

दातखीळ बसली होती. धनुर्वात. त्याला आमच्याकडे होतं काय, डोंबल? खोली अंधारी केली, सगळ्यांना गप्प बसवलं. जरा आवाज झाला की तिला झटका यायचा. बाहेर तिचं मूल भुकेनं रडायचं, त्यानंही यायचा. शेवटी मुलालाच लांब न्यायला लावलं. मूल दूर असतानाच ती गेली.

सासूला फाडून खावं इतका संताप आला होता मला. तणतणत बाहेर गेले, तर ती मुलाला मांडीवर घेऊन बोटानं पेज चाटवत होती. सुनेवर तिचा जीव होता हो. नसता, तर एवढ्या तापात तिला बाजारापर्यंत नेण्याची यातायात केलीच नसती. मी तशीच परत फिरले.

काही दिवसांनी ती आपल्या मुलाला, त्या सुनेच्या नवऱ्याला, घेऊन आली. त्यालाही हिवताप. बाजारात न जाता इथं आली, एवढं तरी शिकली, असं मनात येतंय तोवर ती हळू आवाजात म्हणाली, "बाय, तुज्याच हातची सुई दे. पन कळ यील अशी दे गं. तवा तिला तशी दिली असतीस, तर मी तिला तिकडं कशाला नेली असती?"

मी कपाटातली सगळ्यात बोथट सुई काढली. ती नीट उकळली आणि त्याला टोचली. तो कळवळून ओरडला. म्हातारीनं डोळे पुसले आणि माझ्या हातावरून हात फिरवला.