एका ओढीत एक राउंड

नेमबाजी टीममध्ये माझी बदली झाली तेव्हा मी फौजेत नायक होतो आणि मनातून नाराज होतो. पलटण सोडून खोलीत बसून काडतुसं भरायची, हे काय जवानाचं काम? टीमच्या सेंटर फायर पिस्तुलाची मॅचची काडतुसं आम्हीच भरत असू. रिकामी पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी कॅप, आत दारू, वर गोळी. प्रत्येक कामासाठी पुंगळी उचलून प्रेसमध्ये बसवायची, हँडल ओढायचं, काढायची. दिवसभर हेच.

खोलीचा इनचार्ज हवालदार किसन. निघाला आमच्याच मुळशी तालुक्यातला, ताम्हिणीचा. माझा चेहरा पाहून म्हणाला, "तोंड कशापायी पाडतुयास? हितली गोळी चुकली तर नेमबाज न्हाई, आपुन चुकलो. कळलं का?" मग त्याने खोलीचा रिवाज सांगितला. ज्याने काडतुसं भरली, त्यानेच त्यातली पहिली मॅगझिन रेंजवर उडवून दाखवायची. त्याशिवाय टीमला एकही काडतूस मिळायचं नाही. किसनने हा रिवाज कधी मोडला नाही आणि आम्हालाही मोडू दिला नाही.

हे सगळं आता आठवलं ते माझ्या मुलीमुळे. सायली हिंजवडीला आयटीत आहे आणि राज्य पातळीवर पिस्तूल नेमबाजी करते. घरी काडतुसं भरण्याच्या परवान्यासाठी तिने रीतसर अर्ज केलाय. तो हातात पडेपर्यंत घरात दारूचा कण येणार नाही, हे तिने मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. पण प्रेस कुठली घ्यायची, हे ती आत्तापासून शोधत होती. परवा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बाबा, तुमच्या जुन्या प्रेससारखी सिंगल स्टेज घेऊ की प्रोग्रेसिव्ह? प्रोग्रेसिव्हला हँडल एकदा ओढलं की एक राउंड तयार. मला वेळ कुठे असतो?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता. वाक्य अर्धं टाकून ती उठली आणि गॅलरीत गेली.  हिच्या हातात हे मशीन द्यायचं की नाही, हे मलाच ठरवावं लागणार होतं. कारण मी नको म्हटलं असतं, तर तिने ऐकलं असतं.

टीमच्या त्या खोलीत तसलं मशीन आलं तेव्हा मला वाटलं होतं, किसन नाक मुरडणार. मशीनला एक गोल ताटली, तिच्यावर पुंगळ्या उभ्या. हँडल ओढलं की एकीला कॅप लागते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते आणि ताटली एक घर पुढे सरकते. किसन बघतच राहिला. सकाळी मशीन पुसायचा, संध्याकाळी परत पुसायचा.

"वहिनींना कळवू का?" मी चिडवायचो.

"कळव की. म्हनावं, ही भांडत न्हाई."

मॅच जवळ आली होती. एका दुपारी भराई चालू असताना मेजर साहेब अचानक आत आले. किसनचा हात हँडलवर, हँडल अर्ध्यावर. इतक्या वर्षांची सवय. तो ताडकन उठला, सावधान झाला, सॅल्यूट ठोकला.

"जय हिंद, साब!"

"बैठो, बैठो. काम ठीक चल रहा है?"

"ठीक है, साब."

साहेब दोन शब्द बोलून गेले. किसन बसला, अडकलेली ताटली बोटाने सारली आणि कामाला लागला. त्या सारण्यात एक पुंगळी दारूचं घर चुकवून पुढे गेली. तिच्यावर गोळी बसली. वरून ती इतरांसारखीच दिसत होती, त्यामुळे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर पहिली मॅगझिन अर्थातच किसनची. मी त्याच्या खांद्याशी उभा होतो. सुभेदार साहेबांनी "फायर" म्हटल्यावर दोन राउंड नीट गेले. तिसऱ्याचा आवाज फुसका आला आणि पिस्तूल अडलं. नुसती कॅप फुटली होती. तिच्या जोराने गोळी थोडी पुढे सरकून नळीत रुतून बसली होती. मागून दुसरी सुटली असती तर नळी हातातच फुटली असती. मग बोटं राहतात की डोळे, हे कुणी सांगावं?

हत्यार अडलं तर विचार करत बसू नये, असंच फौज शिकवते. कॉक कर, निशाणा धर, फायर कर. हे अंगात इतकं मुरलेलं की किसनच्या डाव्या हाताने पिस्तुलावरची स्लाइड मागे ओढलीसुद्धा. नवा राउंड आत गेला.

"रुक! किसन, रुक! उंगली बाहर!"

मी त्याचं मनगट धरलं आणि नळी समोरच्या मातीकडे दाबली. त्याचं बोट बाहेर आलं. मागून सुभेदार साहेब ओरडले, "सीज फायर!" मॅगझिन आणि आत गेलेला राउंड काढून पिस्तूल रिकामं केलं. अडकलेली गोळी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने सळईने ठोकून बाहेर काढली. किसनने ती तळहातावर घेतली आणि वाळूच्या पोत्यावर बसला.  

"मशीन न्हाई चुकली," तो म्हणाला. "साहेब आले आन् मी उठलो."

त्याच दिवशी तो मेजर साहेबांपुढे उभा राहिला. "साब, हँडल पर हाथ होगा तो मैं सलाम नहीं करूँगा."

साहेब म्हणाले, "ठीक है. मेरे लिए भी नहीं. किसी के लिए भी नहीं."

हे बोलणं सोपं होतं. पुढे ब्रिगेडियर साहेब पाहणीला आले, तेव्हा आम्ही सगळे ताठ उभे आणि किसन बसलेला. आमचे मेजर साहेब घामाघूम. किसनने ओढ पुरी केली, हँडल वर नेलं, पुंगळीत डोकावून दारू पाहिली आणि मगच उठून कडक सॅल्यूट केला. ब्रिगेडियर साहेबांनी कारण विचारलं, त्याने सांगितलं. "कॅरी ऑन," ते म्हणाले. मेजर साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर आम्ही किसनला महिनाभर 'जनरल साहेब' म्हणत होतो. काय दिवस होते ते! आज त्या खोलीतला तेलाचा वास पुन्हा यावा म्हणून मी वाटेल ते देईन.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं पलटणीत परतलो. पलटण सीमेवर होती. किसन वरच्या पोस्टवर, मी मागे रेडिओ सेटवर. एका दुपारी त्याच्या पोस्टवर, म्हणजे सेटवरच्या 'टायगर टू'वर, तोफगोळे पडायला लागले.

"टायगर टू, रिपोर्ट. ओव्हर."

"टायगर टू. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."



"हवालदार किसन. ओव्हर."

एका जखमी जवानाला त्याने बंकरमध्ये ओढून आणलं होतं. तो जवान वाचला, किसन गेला. मी सेटवर 'रॉजर' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? रडू नंतर आलं, आणि अजूनही येतं.

फोन आटोपून आलेल्या सायलीने हे सगळं ऐकलं. "म्हणजे सिंगल स्टेजच घेऊ ना?"

"नको. प्रोग्रेसिव्ह घे. मशीन चांगलंच आहे. पण हँडलवर हात असताना फोन वाजो, बेल वाजो, मी हाक मारो, उठायचं नाही. हे जमणार असेल तरच."

तिने फोन उलटा करून ठेवला. "जमेल. बाबा, त्यांच्या घरी कोण असतं?"

रविवारी आम्ही ताम्हिणीला गेलो. किसनच्या बायकोचा, अनसूया वहिनींचा, कोकण रस्त्यावर छोटा ढाबा आहे. पोस्टवरचं सगळं मी त्यांना केव्हाच सांगितलं होतं, पण हा खोलीतला किस्सा कधी निघाला नव्हता. आम्हाला पानावर बसवून त्या भाकऱ्या वाढत होत्या. ब्रिगेडियरची गोष्ट सायलीनेच रंगवून सांगितली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"एवढ्या मोठ्या साहेबासाठी उठले न्हाईत व्हय?" त्या म्हणाल्या. "भावजी, शेवटच्या सुट्टीला हे हितंच जेवत हुते. न्यायला जीप आली, हॉर्न वाजला. म्या म्हनलं, एवढी भाकरी खावा आन् मग जावा. न्हाई थांबले. अर्ध्या ताटावरनं उठले."

 सायलीने हातातला घास खाली ठेवला.

"ठिवू नगं, पोरी. पुरं जेवा, मग उठा."

बाहेर एक गाडी थांबली. गिऱ्हाईक असावं, हॉर्न वाजवत होतं. वहिनी उठल्या नाहीत. आमचं जेवण होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.