धावडा आणि जावईबापू

बांधावर आमचा एकच धावडा. दर उन्हाळ्यात मी त्याच्या सालीला कोयत्यानं दोनच घाव घालायचो, तेही एकाच अंगाला, आणि पाझरलेला डिंक वाळला की काढायचो. गेल्या साली जावईबापू म्हणाले, "मामा, एका अंगाला चमचाभर निघतो, तर चौफेर वाटीभर निघंल."

"झाड मरंल," म्या सांगितलं. पण ते शिकलेले! मी आंबवड्याला गेलो तेवढ्यात त्यांनी खोडाची साल गोल सोलली. वाटीभर डिंक निघाला, व्हय. मोबाईलवर फोटो काढून सगळा डिंक मित्रांना वाटलाही. मग धावडा वाळला.

यंदा लेक आमच्याकडं बाळंत झाली. लाडवांचा डिंक आणायला भोरच्या बाजारात जावईबापूंनाच धाडलं. धावडा वाया गेला न्हाई म्हणा. त्याच्या लाकडावर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी लई झकास तापतंय.