मुशीची चाल

नातीने काल टेबलावर चिमुकल्या सैनिकांची लढाई मांडली आणि प्लास्टिकच्या माशांचं पाकीट फोडलं. त्या नव्या प्लास्टिकच्या उग्र वासाने मी थेट साठच्या दशकातल्या पनवेलला पोचले.

मी नऊ वर्षांची होते. वडिलांच्या टेबलावर खडूने खाडी काढायची, काड्यापेटीच्या होड्या सोडायच्या आणि फासा टाकून जत्रेतले स्वस्त प्लास्टिकचे मासे पुढे सरकवायचे, हा माझा आणि कोळीवाड्यातल्या हिराचा खेळ होता. सगळ्यात मोठ्या करड्या माशाला मी देवमासा म्हणायचे. "मुशी हाय ती," असं हिरा हसून सांगायची; मुशी म्हणजे शार्क.

त्या दुपारी मला सहा पडले आणि मुशी हिराच्या होडीला भिडली. नियमाप्रमाणे होडी बुडाली.

"नाय बुडली," हिरा म्हणाली. तिने होडी मुठीत घट्ट धरली होती.

"अगं, सहा पडलेत! दे इकडे."

"परत टाक. परत टाक ना!"

मी हट्टाने टाकला नाही. ती होडीसकट रडत पळाली. एवढं काय झालं ते मला कळेना.

संध्याकाळी आईकडून समजलं, हिराच्या बापाची होडी दोन दिवस परतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो सुखरूप आला. हिराही आली, पण आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. बाप समुद्रात असताना ती खेळायला का आली, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. कधी वाटतं, जीव रमवायला आली असेल. कधी वाटतं, ती त्या फाशाला काहीतरी विचारायला आली होती आणि उत्तर मी देऊन टाकलं.