नळीचं दुसरं टोक

सावळीराम मिस्त्रींनी किती इंजिनिअर घडवले, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. तिथे ते नुसते रोजंदारीवरचे मिस्त्री. आमच्या हातात मात्र डिप्लोमाचा कागद असायचा आणि डोक्यात हवा. १९७५ साली गंगापूर रोडला सरकारी क्वार्टर्सच्या कामावर मी असाच दाखल झालो. मोठ्या साहेबांनी मला मिस्त्रींच्या हवाली केलं आणि सांगितलं, सहा महिने हे म्हणतील ते करायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्याने भरलेल्या लांब नळीचं एक टोक माझ्या हाती दिलं. दुसरं घेऊन ते पलीकडच्या भिंतीला गेले. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून भिंती एका पातळीत आणायच्या. चालताना सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबायचा आणि खूण करताना काढायचा. मी काढायला विसरलो.

"अंगठा काढा, साहेब," मिस्त्री लांबून म्हणाले. मजूर हसले. वडिलांच्या वयाचा माणूस मला साहेब म्हणत होता आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वाळू तळहातावर चोळून माती ओळखायची, विटेवर वीट मारून आवाज ऐकायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. पण त्यांचा खरा कटाक्ष एकाच गोष्टीवर. ते म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून बरोबर म्हणू नका, पाणी कुठं आहे तेवढं सांगा.

ते मूळचे चांदवडकडचे. पत्नी मालनबाई वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. बौद्ध वस्तीत भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे. दुपारी आम्ही इंजिनिअर शेडमध्ये जेवायचो आणि ते विटांच्या थप्पीवर पाठ करून. वीस पावलांचं अंतर होतं. मी एकदाही डबा घेऊन तिकडे गेलो नाही, याची आज लाज वाटते.

माझी बदली झाली त्या दिवशी ते म्हणाले, वस्तीतच जागा घेतली आहे, दोन खोल्या बांधणार आहे. "एक रविवार या. दुसरं टोक धराया माणूस पायजे." मी हो म्हटलं. माझ्याआधी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चौघांनीही हो म्हटलं होतं, हे मागाहून कळलं. त्यांचं बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा मी नामपूरला होतो. उत्तर उद्या लिहू म्हणालो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

१९८५ला उपअभियंता होऊन नाशकात परतलो आणि एका रविवारी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. घर उभं होतं, नीटनेटकं. मिस्त्री वाकले होते, काम सुटलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुनी नळी काढली, भरली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"आलाच हाय तर बघून टाकू. पुढची खिडकी अन् मागची."

त्यांनी पुढच्या खिडकीच्या तळाशी पाणी जुळवलं. मी मागच्या खिडकीपाशी टोक धरलं. पाणी तळापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर थांबलं होतं. म्हणजे मागची खिडकी तेवढी खाली बसली होती. एका सुताने घर पडत नाही. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं, असं मनात आलं.

"बरोबर आहे, मिस्त्री."

पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला.

"अंगठा काढून बघा, साहेब."

अंगठा केव्हाच काढलेला होता. मी पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"मागची एक सूत खाली आहे."

"मला वाटतच व्हतं," ते म्हणाले. नळी गुंडाळत माझ्याकडे आले. "बांधताना दुसऱ्या टोकाला शेजारचा यादव उभा व्हता. भला माणूस. माझं मन राखाया बरोबर, बरोबर म्हणत गेला. नऊ वर्सं शंका व्हती. इचारावं असं कोणी आलंच नाय."