वास घेतलेला गुलाब

आमच्या दुकानात उभं राहिलं की डोकं गुलाबांना लागतं. वर आडवी तार आहे, तिच्यावर तयार हार लटकतात आणि खाली पोत्यावर मी बसते. पाय लांब केले तर रस्त्यावर जातील, एवढीच जागा. नऊ वर्षं झाली.

मी कोल्हापूरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन पुलगावला आले. नवरा निघून गेला तेव्हा या दुकानाच्या मालकीण काकूंनी मला वर्ध्याला आणलं आणि या पोत्यावर बसवलं. त्या माझ्या नात्याच्या कुणी नव्हेत. हार गुंफायला त्यांनीच शिकवलं. टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर मुगाचं पाणी पाजलं. हे मी रोज मुद्दाम आठवते. विसरले तर उठून निघून जाईन, अशी मला भीती वाटते.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. आईला दिसेनासं झालंय, ये, कायमचीच ये. मी हो म्हणाले. काकूंना सांगायचं तेवढं राहिलं. त्यांची बोटं संधिवातानं वाकली आहेत, सुई धरवत नाही. मी गेले की दुकान बंद. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. मग त्या माझ्यापुढे चहा ठेवायच्या आणि मी सुईत दोरा ओवायला घ्यायचे.

सिंदी मेघेहून एक रिटायर सर येतात. पूजेला एकच गुलाब नेतात, पण तो निवडताना आम्हाला जगभर फिरवून आणतात. इराणातल्या लोकांनी फुलाचं पाणी कसं काढलं, इंग्लंडात दोन घराणी पांढरा आणि तांबडा गुलाब लावून एकमेकांशी किती वर्षं लढली, ख्रिस्ती बाया जपमाळेला गुलाबाची माळ म्हणतात. मी ऐकते आणि मनात म्हणते, माझ्या टोपलीतले गुलाब तरी कुठं एका घरचे आहेत? सकाळी दर्ग्याची चादर, दुपारी नवरदेवाची गाडी, मधेच कुणाची तिरडी. कुठं जायचंय, हे फुलाला कुणी विचारत नाही.

एकदा सर वरच्या हारांकडे बोट दाखवून म्हणाले, "जुन्या रोममंदी बैठकीवर असा गुलाब टांगत. त्याच्याखाली जे बोलणं झालं ते बाहेर न्यायचं नाई."

"मंग आमचं दुकान बंदच करा लागन, सर," काकू म्हणाल्या. "अर्ध्या वर्ध्याच्या चुगल्या इथंच होते."

दोघं हसले. मी तर त्याच गुलाबांखाली महिनाभर न बोललेलं धरून बसले होते.

त्या चतुर्थीला एक बाई केळझरच्या गणपतीसाठी नवसाचा हार घ्यायला आल्या. एकवीस गुलाब. नेहमीच्या गुलाबांना वास नसतो, पण त्या दिवशी खेड्यातून देशी गुलाबाची टोपली आली होती. माहेरी धुण्याच्या दगडाशी असंच रोप आहे. एक फूल हातात घेतलं आणि कळायच्या आत नाकाशी गेलं.

"काकू! हे पोरगी वास घेऊन राह्यली ना फुलाचा! देवाले उष्टं फूल वाहू का मी?"

"तिले सर्दी हाय वो," काकू लगेच म्हणाल्या. "नाकच बंद हाय, वास कायचा घेते ते?"

"सर्दी असो का पडसं. तिच्या हातचा हार मले नाई पायजे."

काकूंनी मला उठवलं आणि स्वतः पोत्यावर बसल्या. मी रस्त्यावर उभी. सुई निसटायची, टोचायची, त्या अंगठा पदरात दाबायच्या आणि पुन्हा धरायच्या. नवव्या की दहाव्या फुलाला ती बाईच कानकोंडी झाली.

"अकराचाच करा ना, काकू."

"नवस एकवीसचा हाय ना? मंग एकवीसच."

तासभर लागला. पाठीमागे बस स्टँड होतं. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाई गेल्यावर काकूंनी ते वास घेतलेलं फूल माझ्या हातात दिलं. "घे. देवाले नाई चालत, आपल्याले चालते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरची याद येऊन राह्यली का, पोरी?"

सांगायला दार उघडंच होतं. एक पाऊल टाकायचं होतं. त्यांच्या अंगठ्यावर रक्ताचे तीन ठिपके दिसत होते.

"नाही हो काकू. सवयीनं नाकाशी गेलं."

"नाई तं नाई," त्या म्हणाल्या आणि सुई माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कधी येतीस गं?"

"चतुर्थीची गर्दी सरली की."

"चतुर्थी तर दर म्हैन्याला असती की."

मी दगडाजवळचा गुलाब जगलाय का, एवढंच विचारलं.

"जगलाय," आई म्हणाली. "दिसत न्हाई मला. पन वास येतोय."