ओळीवरचं बोट

नात पडद्यावरच्या प्रोग्रॅमवर बोट फिरवत एकेक ओळ पुटपुटत होती. मी दारातच थबकले. आमच्या बाई अशाच वाचायच्या. कॉम्प्युटर आपल्याकडे नवा होता, तेव्हा त्यांनीच आम्हा मुलींना प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. मी तर दोन वेण्या उडवणारी महापंडिता! बाई म्हणायच्या, "मशीनसारखं वाच. अक्कल वापरायची नाही. तुला सोपंच जाईल."

"असं वाचायला कुणी शिकवलं गं?" मी नातीला विचारलं.

"कुणी कशाला, आजी? सगळेच वाचतात."

सकाळीच बाई गेल्याचा फोन आला होता. सगळेच वाचतात, आणि बाई कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला.

नात घाबरली. "माझं काही चुकलं का गं?"

"नाही, बाळा. अगदी बरोबर वाचतेस."