पिठल्यातली आणि रक्तातली गुठळी

"चाल गं चिमे, थांबू नकोस!" आमची आक्का दवाखान्यात काचेआडच्या नातीवर अशी ओरडली, की खाली रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा चालू लागल्या असतील.

नवं रक्त तयार व्हावं म्हणून चिमीला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्यात, संसर्ग नको म्हणून ती काचेच्या खोलीत आहे, आणि औषधासाठी तिच्या छातीत नळी आहे. तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून तिला थोडं चालवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. अख्ख्या गावाचं पिठलं एका कढईत ढवळलेली आक्का. हात थांबला की गुठळी, एवढं तिला पाठ. चिमी पलंगाभोवती फिरत होती आणि बाहेर आक्काचा हात हवेत गोल.

गुडघा फुटला की रक्त गोठावं म्हणून आपणच हळद दाबतो. पण नळीपाशी तेच गोठणं घातक. शब्द एकच, पण पिठल्यातली गुठळी पळीने फुटते, रक्तातली नाही.

"आता गुठळी नाही ना व्हायची?" आक्काने विचारलं.

"गुठळी झाली तर हात, मान सुजते. आज सूज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या परत बघू."